रिकाम्या गाडीचा हिशेब

मोबाइलवरच्या अ‍ॅपने भाड्याच्या गाड्या मिळू लागल्यापासून, सरकारने या धंद्यावर नियम घालावेत की धंदा मोकळा सोडावा, असा वाद जोरात चालू आहे. आणि तो अशा थाटात चालतो की जणू हा प्रश्न कालपरवाच जन्मला. आमची शाळा सातवीत सुटली. पुढे जे वाचले ते युनियनच्या कचेरीत, सभासद घरी गेल्यावर. तेवढ्या वाचनावरून आम्हांस दिसले ते असे की, या प्रश्नाचे वय चारशे वर्षांच्या घरात आहे.

१६३४ साली लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावर बेली नावाच्या एका कप्तानाने चार घोडागाड्या उभ्या केल्या, गाडीवानांस एकसारखा पोशाख दिला आणि कोठे नेण्यास किती घ्यावे हेही ठरवून दिले. म्हणजे दर ठरवणारा मधला माणूस तेव्हाच अवतरला होता. त्याच्या हाती यंत्र नव्हते इतकेच! पुढल्याच वर्षी राजा पहिला चार्ल्स याने जाहीरनामा काढून भाड्याच्या गाड्यांवर निर्बंध घातले. १६५४ साली क्रॉमवेलच्या अमदानीत ३०० गाड्यांची मर्यादा आली, १६६२ साली ती ४०० झाली. राजा गेला, क्रॉमवेल आला, पुन्हा राजा आला. गाडीवरचा लगाम कोणीच सोडला नाही. तेव्हा नियम असावा की नसावा, हा वाद आमच्या मते शिळा आहे. नियम करणाऱ्यांनी रस्ता पाहिला, उतारू पाहिला. परंतु गाडीवान भाड्याची वाट पाहत बसतो तो वेळ कोणाच्या खाती मांडायचा, हे मात्र फार उशिरा पाहिले. आज बोलायचे ते त्याविषयी.

न्यूयॉर्क शहराची हकिगत या बाबतीत फार बोलकी आहे. १९३० नंतरच्या मंदीत ज्याचे काम सुटे तो टॅक्सी हाकू लागे. गाड्या उदंड झाल्या, भाडी तितकीच राहिली, आणि फेब्रुवारी १९३४ मध्ये चालकांनी मोठा संप केला. १९३७ साली हास कायदा झाला आणि परवान्यांची संख्या बांधली गेली. परवाना म्हणजे गाडीच्या बॉनेटवर ठोकलेला धातूचा बिल्ला. किंमत १० डॉलर. महायुद्धानंतर हे बिल्ले ११,७८७ वर येऊन ठेपले आणि १९९६ पर्यंत त्यांत नवी भर पडली नाही.

चालकांचे भले व्हावे म्हणून केलेला हा कायदा. पण त्यात एक भोक राहिले. बिल्ला विकता येत होता. शहर वाढत गेले, बिल्ले तेवढेच. मग बिल्ल्याला जमिनीसारखा भाव चढला. १९७९ साली गाडी रोजच्या ठरीव भाड्याने चालकास देण्याची मुभा मिळाली आणि चालक कूळ झाला. गाडी बाहेर काढण्यापूर्वीच मालकाचे पैसे अंगावर. धंदा होवो न होवो, तोटा कुळाचा. २०१४ च्या सुमारास एका बिल्ल्याची किंमत १० लाख डॉलरवर गेली. पंजाब, बांगलादेश, हैती येथून गेलेल्या माणसांनी कर्ज काढून असे बिल्ले घेतले.

येथे आम्हांस स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. 'नवे परवाने बंद करा' ही घोषणा आम्हीही मोर्च्यांतून वर्षानुवर्षे दिली. तिचा फायदा कोणाला झाला? परवाना धरून बसलेल्याला. गाडी चालवणारा दुसराच होता, आणि तोच आमच्या मोर्च्यात उन्हात चालत होता.

असो. २०११ साली अ‍ॅपच्या गाड्या न्यूयॉर्कमध्ये आल्या. त्यांना बिल्ला लागत नसे. त्यांचा परवानाच वेगळ्या वर्गातला. २०१८ पर्यंत त्या ऐंशी हजारांच्या घरात गेल्या. बिल्ल्याचा भाव कोसळला, कर्ज जागच्या जागी राहिले. त्या वर्षी अनेक चालकांनी आत्महत्या केल्या. अखेर ऑगस्ट २०१८ मध्ये शहराने अ‍ॅपच्या नव्या गाड्यांना मर्यादा घातली. पण आमच्या मते त्याहून महत्त्वाचे काम दोन अर्थशास्त्रज्ञांनी केले. जेम्स पॅरट आणि मायकेल राईश यांनी चालकांच्या तासांचा हिशेब मांडला. तासातली जेमतेम ५८ टक्के मिनिटे, म्हणजे सुमारे ३५, उतारू गाडीत असतो. उरलेली २५ मिनिटे चालक फुकट राबतो. या हिशेबावरून फेब्रुवारी २०१९ पासून खर्च वजा जाता ताशी १७.२२ डॉलर पदरी पडतील असा किमान दर बांधला गेला. गाड्या जितका वेळ रिकाम्या, तितका फेरीचा दर चढा, अशी त्यातली मेख. रस्त्यावर वाटेल तितक्या गाड्या सोडण्याचा भुर्दंड प्रथमच कंपनीच्या बोकांडी बसला.

२०२१ च्या फेब्रुवारीत लंडनच्या सर्वोच्च न्यायालयानेही उबरच्या खटल्यात हेच तत्त्व धरले. चालक अ‍ॅप चालू करून, परवान्याच्या हद्दीत, भाडे घेण्यास तयार बसला की तो कामावर आहे.

कंपन्या काही स्वस्थ बसल्या नाहीत. २०२४ साली न्यूयॉर्कमध्ये त्यांनी मंदीच्या वेळी चालकांना अ‍ॅपमध्ये शिरूच देईनासे केले. रिकामा वेळ कागदावरून गेला; चालक मात्र रस्त्याच्या कडेला गाडीतच बसलेला. गिरणीच्या दारातून बदली कामगाराला परत पाठवीत, त्याचीच ही नवी तऱ्हा!

आपल्याकडे केंद्र सरकारच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत भाड्याचे निदान ८० टक्के चालकाला द्यावेत आणि दिवसात १२ तासांवर काम नसावे असे म्हटले. २०२५ च्या सूचनांत, उतारूला घ्यायला रिकामे जावे लागते त्याची भरपाई म्हणून निदान ३ किलोमीटरचे मूळ भाडे धरले. पाऊल चांगले आहे. परंतु ८० टक्के कशाचे? फेरीच्या भाड्याचे. फेरीच नसेल त्या तासाचे काय?

मागच्या पावसाळ्यात आम्ही आमच्या स्टँडवरच्या काही चालकांना शंभर पानी वह्या दिल्या आणि दिवसाचा वेळ लिहायला सांगितला. एक तरुण पोरगा वही उलटसुलट करून म्हणाला, "अण्णा, नुसतं उभं राहिलो ते पण लिहायचं काय?" आम्ही म्हटले, तेच आधी लिही. आठ दिवसांनी त्याने वही आणून दिली. भाड्यांच्या नोंदी एका पानावर मावल्या होत्या. बाकीची पाने त्याने 'उभा' या एकाच शब्दाने भरली होती, वेळेसकट. ती वही घेऊन आम्ही येत्या सोमवारी परिवहन कचेरीत जाणार आहोत.