फियाटची तक्रार कोणाकडे करायची?

प्रीमियर पद्मिनी ही मोटारगाडी मुंबईच्या रस्त्यांवरून टॅक्सी म्हणून कायमची उतरली ती ३० ऑक्टोबर २०२३ रोजी. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ या दिवशी नोंदली गेली होती आणि टॅक्सीच्या वयाला वीस वर्षांची मर्यादा आहे. त्यामुळे या निरोपाची तारीख वीस वर्षे आधीच लिहिलेली होती. त्या आठवड्यात जे लिहिले-बोलले गेले त्याचा सूर स्वाभाविकपणे हळवा होता. गाडी दणकट होती, भरवशाची होती, तिने संसार पोसले, असे सांगितले गेले. यातले शेवटचे विधान निर्विवाद आहे. 'भरवशाची' या विशेषणापाशी मात्र थांबायला हवे. ज्या पिढीने ही गाडी वापरली त्या पिढीच्या तोंडी तिच्याविषयी इतर काही असण्याआधी तक्रार होती. हॉर्न सोडून हिचे सगळे भाग वाजतात, हा विनोद त्याच पिढीचा. मग त्या तक्रारी गेल्या कुठे?

प्रथम थोडा पूर्वेतिहास. सोलापुरात १८८२ साली जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी जहाज, विमान आणि मोटार अशा तिन्ही वाहनांचा ध्यास घेतला होता. मुंबईत मोटारींचा कारखाना काढावा ही योजना विश्वेश्वरय्या यांनी तिसच्या दशकात मांडली आणि बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने तिला अनुकूलता दाखवली. परंतु परकीय सरकारने ती पुढे सरकू दिली नाही. प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली १९४४ साली. कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली वाहने बाहेर पडली ती १९४७ साली, आणि ती क्रायस्लर या अमेरिकन कंपनीची होती. इटलीच्या फियाटशी संबंध जुळला तो पन्नाशीच्या आरंभी. १९६४ साली 'फियाट अकराशे डिलाइट' आली आणि पुढे जी पद्मिनी म्हणून ओळखली गेली ती मूलतः हीच. १०८९ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरचे इंजिन, पुढे सलग बाक, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर. इटलीत अकराशेची मालिका १९६९ साली बंद झाली. कुर्ल्यात तिचे उत्पादन सुमारे २००० सालापर्यंत चालले.

नावांची गोष्ट भाषेच्या अभ्यासकांनी नोंदवून ठेवावी अशी आहे. पन्नाशीतल्या अकराशेला आपल्याकडे 'डुक्कर फियाट' म्हणत. फुगीर पाठ आणि पुढे आलेले नाकाड पाहून हे नाव कोणाला सुचले ते सांगता येणार नाही, पण लोकांनी दिलेले आणि लोकांत टिकलेले नाव हेच. कंपनीने मात्र फियाटशी परवान्याचा करार संपल्यावर आधी 'प्रेसिडेंट' आणि १९७३-७४च्या सुमारास 'पद्मिनी' हे नाव घेतले. चितोडच्या राणीचे नाव बंपरवर आले तरी मराठी माणूस शेवटपर्यंत 'फियाट'च म्हणत राहिला. लोक एखाद्या वस्तूचे अधिकृत नाव नाकारतात तेव्हा ती वस्तू त्यांनी आपली केलेली असते. आपल्या माणसाविषयी आपण जशी कुरकुर करतो तशी कुरकुर मग तिच्याविषयीही सुरू होते.

पण कुरकुर करायला आधी गाडी मिळायला हवी. १९५९च्या नियंत्रण आदेशानंतर गाड्यांची विक्री आणि वाटप सरकारी चौकटीत गेले. साठ-सत्तरच्या दशकांत फियाटसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे आणि हातात आलेली गाडी बाजारात छापील किमतीहून अधिक भावाने खपे. लालबहादूर शास्त्री यांनी १९६४ साली घेतलेल्या फियाटची हकिकत प्रसिद्ध आहे: किंमत बारा हजार रुपये, जवळ सात हजार, उरलेल्या पाच हजारांसाठी पंजाब नॅशनल बँकेचे कर्ज. प्रीमियरचा कारखाना ज्या जुन्या आग्रा रस्त्यावर होता त्याला पुढे शास्त्रीजींचेच नाव मिळाले, हा एक योगायोग. त्या काळात गाडी घेणे हे भाग्य होते, आणि भाग्याविषयी तक्रार करणे आपल्या संस्कारांत बसत नाही.

तरीही तक्रारी एवढ्या वाढल्या की साठच्या दशकाच्या उत्तरार्धात केंद्र सरकारला मोटारींच्या दर्जाची चौकशी करण्यासाठी समिती नेमावी लागली. उत्पादकांचे म्हणणे असे की सरकार जी किंमत ठरवून देते तीत याहून चांगली गाडी देता येत नाही. हे म्हणणे अगदीच पोकळ नव्हते. सुट्या भागांचे पुरवठादार मोजके होते आणि आयातीला परवाना लागे. किमतीचा वाद कंपनीने सर्वोच्च न्यायालयात नेला. न्यायालयाने किमतींसाठी आयोग बसवला आणि १९७१ साली निकाल दिला. म्हणजे कंपनीच्या तक्रारीला देशातले सर्वांत मोठे दार उघडे होते.

कामगारांच्या तक्रारीलाही दार होते. त्याच्याकडे जाण्याची वाट मात्र अवघड होती. कुर्ल्याच्या कारखान्यातल्या दोन कामगार संघटनांच्या स्पर्धेतून आणि प्रोत्साहन-वेतनाच्या करारातून उद्भवलेला वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. त्याचा १९७५चा निकाल कामगार कायद्याचे विद्यार्थी आजही वाचतात. त्यातला कळीचा प्रश्न पाहण्यासारखा आहे: कामगाराने आपले गाऱ्हाणे कोणत्या दारी न्यायचे, दिवाणी न्यायालयात की औद्योगिक विवाद कायद्याने आखलेल्या मार्गाने? न्यायालयाने सांगितले की जो हक्क त्या कायद्यानेच जन्माला घातला, त्याची दाद त्याच कायद्याच्या मार्गाने मागावी. गाऱ्हाण्याला पत्ता असतो आणि पत्ता चुकला तर गाऱ्हाणे ऐकले जात नाही, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारा मजकूर साहित्यातही क्वचित सापडेल.

राहिला मालक. त्याच्या तक्रारीला पत्ताच नव्हता.

ही तक्रार नेमकी काय होती हे समजून घ्यायचे तर पालीच्या रस्त्याने जावे. सुधागड तालुक्यातले हे गाव बल्लाळेश्वराचे. मागे सरसगड, जवळून वाहणारी अंबा नदी. अष्टविनायकांपैकी पाली आणि महड ही दोनच स्थाने कोकणात, रायगड जिल्ह्यात. उरलेली सहा घाटमाथ्याच्या पलीकडे, पाच पुणे जिल्ह्यात आणि सिद्धटेक आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात. यात्रेच्या रूढ क्रमात पाली, मग महड आणि त्यानंतर थेऊर. म्हणजे पालीचे दर्शन घेऊन निघालेल्या गाडीला खोपोलीहून बोरघाट चढणे चुकत नाही. द्रुतगती मार्ग होण्यापूर्वी हा चढ म्हणजे एकच जुना रस्ता, मालमोटारींची रांग, तीव्र वळणे आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरची रखडपट्टी. आत पाच-सहा माणसे, टपावर वळकट्या. गाडीची परीक्षा घ्यायला याहून चांगली जागा शोधून सापडली नसती.

चढावर गाडीचा वेग कमी आणि इंजिनाचे फेरे जास्त. रेडिएटरला वारा मिळत नाही. पद्मिनीचा पेट्रोलचा पंप यांत्रिक, तापलेल्या इंजिनालाच जोडलेला. पंपातले आणि नळीतले पेट्रोल उकळून त्याची वाफ होई. पंप वाफ ढकलू शकत नाही, म्हणून कार्बोरेटर कोरडा पडे आणि गाडी आचके देऊन उभी राही. याला 'व्हेपर लॉक' म्हणत. उपाय एकच: बॉनेट उघडायचे, पंपावर ओला फडका ठेवायचा आणि थांबायचे. दुसरे दुखणे गिअरचे. स्टिअरिंगच्या दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत सळ्या आणि सांधे यांची जी साखळी होती ती झिजली की गिअर मधेच अडके. मग पुन्हा बॉनेट उघडून सळी हाताने मोकळी करायची. घाट उतरताना वेगळी चिंता. चारही चाकांना ड्रमचे ब्रेक. सतत दाबले की तापत, लायनरचा जळका वास येई आणि पायाखालचा जोर ओसरल्यासारखा वाटे. पावसाळ्यात डिस्ट्रिब्यूटरमध्ये ओल शिरली की सकाळी गाडी धक्क्याशिवाय सुरू होत नसे. कोकणातल्या चार-सहा पावसाळ्यांनंतर पायाखालच्या पत्र्याला भोक पडून रस्ता दिसू लागे. बोरघाटातल्या शिंगरोबाच्या देवळापाशी चालक नाणे टाकून पुढे जात. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचे हे स्थान. पद्मिनीच्या चालकाला तिथे हात जोडण्याचे एक अधिक कारण असे, इतकेच.

वरचा परिच्छेद पुन्हा वाचला तर लक्षात येईल की प्रत्येक दुखण्यासोबत त्याचा उपायही आला आहे. फियाटच्या तक्रारीचे हेच वैशिष्ट्य. तक्रार कंपनीपर्यंत पोहोचत नसे. ती नाक्यावरच्या मिस्त्रीपर्यंत पोहोचे. कुर्ल्यात जे शिल्लक राहिले ते खोपोलीच्या, पेणच्या, नागोठण्याच्या गॅरेजमध्ये पुरे होई. प्लग साफ करणे, पॉइंट घासणे, टॅपेट लावणे, इंजिन रिबोअर करणे, डेंटिंग-पेंटिंग: या कामांतून एक मोठे ज्ञान तयार झाले. ते कागदावर आले नाही. उस्तादाकडून पोऱ्याकडे गेले. गाडी भरवशाची होती असे जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा तो भरवसा वस्तुतः या माणसांचा असतो. हातभर ग्रीस माखलेल्या त्या पोऱ्याचे श्रेय आपण राणी पद्मिनीच्या नावे जमा केले आहे, आणि हा हिशेब मला अन्यायाचा वाटतो.

अल्बर्ट हिर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली एक मांडणी केली. वस्तूचा किंवा संस्थेचा दर्जा घसरला की माणसापुढे दोन मार्ग असतात: सोडून जाणे किंवा आवाज उठवणे; निष्ठा या दोहोंच्या मधे उभी असते. फियाटच्या मालकाला सोडून जाण्याची सोय नव्हती, कारण जायचे कुठे तर अँबॅसडरकडे. आणि आवाज ऐकणारे कोणी नव्हते. उरली ती निष्ठा, पण ती कुरकुरणारी. मराठी वाचकाला ही वृत्ती परकी वाटू नये. आपल्या संतांनी विठ्ठलाशी मनसोक्त भांडण केले आहे. ज्याला सोडून जाता येत नाही त्याच्याशीच असे भांडता येते. अर्थात विठ्ठलाची आणि मोटार कंपनीची बरोबरी करण्याचा हेतू नाही. भांडणाच्या रीतीतले साम्य तेवढे दाखवायचे आहे.

मराठी साहित्यात या भांडणाची नोंद फारशी नाही, याचे आश्चर्य वाटते. नामदेव ढसाळ यांनी मुंबईत टॅक्सी चालवली हे सर्वज्ञात आहे. त्यांच्या कवितेविषयी आपण भरपूर लिहिले, पण टॅक्सीचे चाक हाती असलेल्या माणसाला शहर कोणत्या उंचीवरून आणि कोणत्या वेगाने दिसते याचा विचार आपल्या समीक्षेने क्वचितच केला. यंत्र बिघडल्यावर त्याच्याशी माणसाचे जे नाते जडते ते आपल्याकडे विनोदी लेखनाच्या वाट्याला गेले आणि तिथेच राहिले.

१४ डिसेंबर १९८३ रोजी मारुतीची पहिली गाडी ग्राहकाच्या हाती पडली आणि सोडून जाण्याचा मार्ग अचानक खुला झाला. कालपर्यंत ज्याला गाडीचा स्वभाव म्हटले जात होते त्याला आता दोष म्हटले जाऊ लागले. गाडी किल्ली फिरवताच सुरू होते, घाटात न थांबता चढते, हे शक्य आहे असे कळल्यावर ओल्या फडक्याचे कौतुक कोण करणार? प्रीमियरने १९८५ साली फियाटचा जुना साचा आणि निस्सानचे इंजिन जुळवून '११८ एनई' आणली. ती बरी गाडी होती, पण उशिरा आली. पुढल्याच वर्षी ग्राहक संरक्षण कायदा झाला. मालकाच्या तक्रारीला अखेर पत्ता मिळाला तेव्हा मालक निघून जाऊ लागला होता. टॅक्सीवाल्याला मात्र तसे जाता आले नाही. स्वस्त सुटे भाग, कोणत्याही नाक्यावर होणारी दुरुस्ती आणि प्रशस्त डिकी यांमुळे पद्मिनी काळ्या-पिवळ्या रंगात आणखी बरीच वर्षे चालत राहिली.

नव्वदच्या दशकात कंपनीने दोन परकीय हात धरले: कल्याणला पेजो, कुर्ल्याला पुन्हा फियाट. दोन्ही ठिकाणी आगाऊ पैसे भरून नाव नोंदवणाऱ्यांची गर्दी झाली आणि दोन्ही ठिकाणी कामगारांच्या संघर्षाने उत्पादन अडले. प्रीमियरच्या कामगारांचे नेतृत्व केलेले डॉ. दत्ता सामंत यांची १६ जानेवारी १९९७ रोजी पवईत हत्या झाली. पेजोचा उद्योग काही वर्षांतच गुंडाळला गेला. आता ग्राहकाची तक्रार बंद पडलेल्या गाडीची राहिली नव्हती. न आलेल्या गाडीची आणि अडकलेल्या पैशाची होती. अशा तक्रारीला नाक्यावरचा मिस्त्री काही करू शकत नव्हता.

२००९ साली प्रीमियरने चिंचवडच्या कारखान्यातून 'रिओ' नावाची गाडी काढून पाहिली. तीही टिकली नाही. कुर्ल्याच्या कारखान्याच्या जमिनीवर आज निवासी संकुले आहेत. जुन्या पद्मिनींपैकी ज्या हौशी मालकांनी जपल्या आहेत त्यांना सुट्या भागांपेक्षा मोठी अडचण येते ती जाणत्या हाताची: दांड्यावरचा गिअर जुळवणारे आणि कार्बोरेटर कानाने ऐकून लावणारे मिस्त्री आता साठी-सत्तरीत आहेत, आणि त्यांच्याकडचे पोरगे मोबाइलवरच्या उपकरणाने इंजिनातली चूक वाचते.