हा फोन घरचा की माणसाचा?

दिवाळीला संग्रामपूरला गेलो तेव्हा पुण्याहून एक काळा डबा सोबत नेला होता. सिम टाकून चालणारा राउटर. वायफायसाठी असे डबे आता बऱ्याच घरांत आहेत, पण याच्या मागे लँडलाइनची वायर लागते तशी एक बारीक खाचही होती. माळ्यावरचा जुना बटणांचा फोन काढला, पुसला, जोडला आणि रिसीव्हर आईच्या कानाला लावला.

"हा तं आपला जुनाच फोन वापस आला!"

हा उद्योग कशासाठी, ते सांगतो. बाबा गेल्यापासून आई एकटी राहते. मोबाईल आहे, पण "त्या चोपड्या फोनवर मले काही समजत नाही" ही तिची कायमची तक्रार. उचलायला जाते आणि बोट भलतीकडे सरकून कॉल कट होतो. नाहीतर फोन आत चार्जिंगला असतो आणि ती मागच्या अंगणात. मी चारदा लावतो, मग घाबरून शेजारच्या काकूंना लावतो आणि काकू भिंतीवरून हाक मारतात. घरात एका जागी बसलेला, मोठ्यानं वाजणारा, उचलला की सुरू होणारा फोन हवा होता.

पहिले दोन दिवस फजिती झाली. इंटरनेट झकास, रिसीव्हरमध्ये टोनही येई, पण नंबर फिरवला की नुसतं टूं टूं. ग्राहक सेवेवाल्यानं तीनदा डबा बंद करून चालू करायला लावला. शेवटी भाच्यानं दुसऱ्या कंपनीचं सिम टाकलं आणि लगेच बेल गेली. फोर-जीत आवाजासाठी वेगळी वाट नसते, आवाजही डेटाचे तुकडे होऊन जातो. त्याला व्होल्टी म्हणतात. ती सेवा डब्यात हवी आणि कंपनीनं त्या डब्याला ती द्यायलाही हवी. नाही दिली, तर कॉल जुन्या टू-जी, थ्री-जीवर उतरू पाहतो, आणि आमच्या डब्यात तीही सोय धड नव्हती. विकणाऱ्यानं यातलं काही सांगितलं नव्हतं.

बिनतारी वाटेनं घरचा फोन ही कल्पना मात्र नवी नाही. आमच्या पिढीनं ती दोन-तीनदा येताना आणि जाताना पाहिली आहे.

१९८४ मध्ये सी-डॉट ही सरकारी संस्था निघाली. तिचं १२८ लाइनींचं छोटं ग्रामीण एक्स्चेंज एसीशिवाय, धुळीत आणि उन्हात चालायचं. पहिलं बसलं १९८६ साली कर्नाटकात कित्तूरला. संग्रामपूरसारख्या गावांना फोन मिळाला तो अशा धोरणामुळे. आमच्याकडे फोन आला नव्वदच्या दशकात, आणि आला तो एकट्या आमचा नव्हता. अर्ध्या गल्लीच्या लग्नपत्रिकांवर आमचा नंबर छापलेला असायचा, पुढे कंसात 'पीपी'. फोन आला की मी धावत जायचो, "काकू, तुमचा फोन आला, पाच मिनिटांत परत लावतो म्हणे!" त्या पाच मिनिटांत काकू पदर सावरत येऊन बसत. कुणाचं बाळंतपण, कुणाची नोकरी, कुणाचं मरण, सगळं आमच्या ओसरीवर आधी कळायचं. आईला तेव्हाही नंबर फिरवता येत नव्हता, पण फोन उचलण्यात तिच्यासारखी तरबेज गल्लीत दुसरी नव्हती.

सातपुड्याच्या पायथ्याकडं जाल तसतसं तारेचं काम अवघड. देशभर अशा आडगावांत सरकारनं रेडिओवर चालणारे सार्वजनिक फोन बसवले होते. ते इतके बंद पडत, की २००२ नंतर दीड लाखांवर फोन बदलून द्यायचं काम सरकारला हाती घ्यावं लागलं. पैसा आला सार्वत्रिक सेवा निधीतून. टेलिकॉम कंपन्यांच्या उत्पन्नातला ५ टक्के हिस्सा खेड्यांतल्या सेवेसाठी बाजूला काढायचा, अशी ती व्यवस्था. मद्रास आयआयटीत प्रा. अशोक झुनझुनवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'कॉरडेक्ट' हे तंत्र त्याआधीच बनवलं होतं. टॉवरवरून घरापर्यंत शेवटचा टप्पा बिनतारी, त्यावर फोनही आणि संथ का होईना इंटरनेटही. म्हणजे माझ्या डब्याचं हे आजोबाच!

मग आले डब्ल्यूएलएलवाले. दिसायला लँडलाइन, आत रेडिओ. टाटांचा 'वॉकी' आठवतो का? टेबलावर ठेवायचा, वायर फक्त लाइटची. त्यावरून जी भांडणं झाली ती आज कुणाला आठवत नाहीत, पण मला तोच या इतिहासातला सगळ्यात रंगतदार भाग वाटतो. २००१ मध्ये सरकारनं लँडलाइन कंपन्यांना असे फोन साधारण तालुक्याएवढ्या हद्दीत फिरते ठेवायला परवानगी दिली. मोबाईलवाले कोर्टात गेले. २००३ मध्ये एकच एकत्रित परवाना काढून तो वाद मिटवला गेला. पण त्याच वर्षी खेड्यांतल्या तोट्यातल्या लँडलाइनसाठी बीएसएनएलला मदत म्हणून कॉलवर एक आकार लागू झाला होता. मोबाईलला आणि मर्यादित फिरत्या फोनला एक हिशेब, घरच्या फोनला दुसरा. मग वॉकी कशात मोडतो? कंपनी म्हणे घरचा. बीएसएनएल म्हणे, उचलून बाहेर नेला तरी चालतो, तो घरचा कसा? प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २००८ साली निकाल बीएसएनएलच्या बाजूनं लागला. फोन घराचा की माणसाचा, हे ठरवायला देशाचं सर्वोच्च न्यायालय बसलं होतं!

तोवर बाजारानं आपला निकाल दिलाच होता. इनकमिंग फुकट झालं आणि जो तो स्वतःचा मोबाईल घेऊ लागला. आमची लँडलाइन आधी महिन्यातून चार दिवस बंद, मग चार दिवस चालू, मग बाबांनी एक दिवस अर्ज देऊन टाकला. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं, फक्त फोर-जी घेऊन. ज्यांचे हँडसेट जुने होते त्यांनी जिओफायची डबी घेतली आणि ॲपमधून कॉल लावले. राउटरमधून आवाज जातो हे बऱ्याच लोकांनी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाईलला लावायचं तर आधी शून्य लावावं लागतं. आमच्या डब्याला लागत नाही. नियमाच्या दृष्टीनं तो मोबाईलच. आई मात्र शून्य लावूनच फिरवते, तरी कॉल जातो.

ज्याची खरी काळजी वाटते ते आता सांगतो. जुन्या लँडलाइनला वीज एक्स्चेंजच्या ४८ व्होल्टच्या बॅटरीतून तारेवाटेच यायची. भारनियमनात अख्खं गाव अंधारात असताना फोन वाजायचा, आणि कुणाला दवाखान्यात न्यायचं असलं की लोक आमच्याकडेच धावत यायचे. डबा घरच्या लाइटवर चालतो. मी त्याला बारा व्होल्टचा छोटा बॅकअप जोडून आलो. गेल्या महिन्यात वादळात लाइट गेली. डबा चालू होता, पण तासाभरानं टॉवरच झोपला. रात्री दहाला आईचा फोन आला, "लाइन गेली होती, बाप्पा. तू कायले घाबरतं?" मी तोवर काकूंना सात वेळा लावून पाहिलं होतं. त्यांचा मोबाईलही त्याच टॉवरवर.

त्या निधीचं नाव आता डिजिटल भारत निधी आहे. २०११ ला मंजूर झालेल्या योजनेतून फायबर ग्रामपंचायतींपर्यंत न्यायचं काम त्याच पैशातून सुरू झालं, चांगलंच आहे. पण लाइट गेल्यावर टॉवर किती तास जिवंत राहिला पाहिजे, हे गावाच्या चावडीवर कुठं लिहिलेलं मी पाहिलं नाही. पुढच्या खेपेला आपल्या टॉवरपाशी जाऊन जनरेटर आहे का, त्यात डिझेल असतं का, हे विचारणार आहे. तुमच्या गावात लाइट गेल्यावर टॉवर किती वेळ चालतो, तेवढं खाली लिहा.