महाराजांची उन्हाळी सुट्टी

बडोद्याच्या सुरसागर तळ्याच्या काठी संध्याकाळी थोडा वेळ काढला, की एक कथा कानावर येते. मला ती माझ्या मामांनी ऐकवली. ते दांडिया बाजारात राहतात, आणि ‘महाराज’ म्हटले की सयाजीरावांखेरीज दुसरे कोणी त्यांच्या मनातही येत नाही. “अरे, महाराज इटलीला गेले, तिकडची ती तळ्याकाठची गावे पाहिली आणि परत येऊन म्हणाले, हे असे आपल्याकडे झाले पाहिजे. मग राजवाडा झाला, हे न्यायमंदिर झाले, आजव्याचे सरोवर झाले.” मामांचे वय आता ऐंशीच्या पुढे आहे. त्यांच्याशी वाद घालण्याचा प्रश्नच नव्हता. मी शेवउसळीची बशी रिकामी केली आणि गप्प राहिलो. पण इतिहास शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला सनावळी मांडल्याशिवाय झोप येत नाही. त्या रात्री मी ती मांडली.

आधी त्या तळ्याकाठच्या गावांविषयी थोडे. हल्ली मे महिन्यात युरोपच्या सहलीला जाणाऱ्या आपल्या मंडळींना कोमो सरोवराचे नाव नवे नाही. अर्ध्या दिवसात बोटीतून एक फेरी, चार छायाचित्रे, आणि बस पुढच्या मुक्कामाला. आल्प्सच्या दक्षिण पायथ्याशी मॅज्जोरे, लुगानो, कोमो आणि गार्दा अशी ही सरोवरे ओळीने पसरली आहेत. हिमनद्यांनी डोंगर कोरून ती तयार केली. कोमोची खोली चारशे मीटरांहून अधिक आहे. काठावर बेल्लाजिओ, व्हारेन्ना, स्त्रेझा अशी लहान लहान गावे. रोमन काळातला धाकटा प्लिनी हा कोमोचाच. विजेच्या घटाचा जनक व्होल्टा हाही तिथलाच. रेशमाचा धंदा जुना. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या गावांतून मोठमोठी हॉटेले निघाली, आणि १८८२ साली गोथार्डचा रेल्वे बोगदा खुला झाल्यावर उत्तरेकडच्या धनिकांचा ओघ वाढला. हिंदुस्थानातून जाणारे पुष्कळ प्रवासी त्या काळी इटलीच्या ब्रिंदिसी बंदरात उतरून आगगाडीने पुढे जात. मिलानहून स्वित्झर्लंडकडे निघालेली गाडी कोमो आणि लुगानो यांच्या काठाने जाते.

सीमाभागातल्या वाचकाला आणखी एक गोष्ट गमतीची वाटेल. ही सरोवरे म्हणजे सीमारेषाच होत्या. लोंबार्दी १८५९ पर्यंत ऑस्ट्रियाच्या ताब्यात. गार्दाच्या उत्तर टोकाचे रीवा हे गाव तर १९१८ पर्यंत ऑस्ट्रियाकडे आणि बाकीचे सरोवर इटलीकडे. मॅज्जोरेचे वरचे टोक स्वित्झर्लंडमध्ये, पण भाषा दोन्हीकडे इटालियनच. सुट्टीला आलेल्या श्रीमंतांना यातले काही दिसत नसावे. पाण्यावर रेघ दिसत नाही.

आता सनावळी. सयाजीराव मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे, शेतकऱ्याच्या घरातले. जन्म १८६३ चा, बडोद्याच्या गादीवर दत्तक गेले १८७५ साली, आणि पूर्ण अधिकार हाती आले ते डिसेंबर १८८१ मध्ये. लक्ष्मीविलास राजवाड्याचे काम सुरू झाले १८८० साली, म्हणजे महाराज सतरा वर्षांचे असताना. त्याचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. कोल्हापूरचा नवा राजवाडा आणि तिथला टाऊन हॉल पाहिलेल्यांना हा हात ओळखीचा वाटेल, कारण तोही मँट यांचाच. मँट १८८१ मध्ये वारले आणि चिझम यांनी १८९० मध्ये राजवाडा पुरा केला. आजव्याच्या सरोवराचे काम सुरू झाले १८८५ साली. आणि महाराज प्रथम युरोपला निघाले ते १८८७ साली!

म्हणजे मामांच्या कथेतल्या तीन इमारतींपैकी दोन महाराजांनी मुंबईचा किनारा सोडण्याआधीच कागदावर उतरून जमिनीवर आल्या होत्या. उरले न्यायमंदिर. ते १८९६ चे, चिझम यांचेच, बायझंटाइन धर्तीचे. व्हेनिसच्या सान मार्कोची आठवण करून देणाऱ्या शैलीतले. पण त्याला नाव दिले ते पहिल्या महाराणी चिमणाबाईंचे. त्या तंजावरच्या, आणि १८८५ मध्ये अगदी तरुण वयात गेल्या. सुरसागराकाठच्या त्या घुमटांकडे पाहताना मला युरोपच्या प्रवासापेक्षा बावीस वर्षांच्या विधुराचे दुःख अधिक जाणवते.

इटली बडोद्यात आली ती कारागिरांच्या रूपाने. दरबार हॉलची फरशी व्हेनिसच्या पद्धतीच्या मोझेइकची. ऑगुस्तो फेलिची हा शिल्पकार बडोद्यात काही वर्षे राहिला आणि ब्राँझ, संगमरवर व भाजक्या मातीत काम करीत राहिला. त्याच सुमारास राजा रविवर्मा महाराजांसाठी पुराणातले प्रसंग रंगवीत होते. एकाच शहरात एक रोमचा, एक केरळचा. दोघांना पगार देणारा कवळाण्याचा. अशा काळाबद्दल आपण शाळेत मुलांना फार थोडे सांगतो.

आजव्याचे मात्र वेगळे. कोमोला पाणी आधी होते, गाव मागाहून आले. आपल्याकडे आधी गाव, आणि मग त्याच्यासाठी पाणी साठवायचे. चार महिन्यांचा पाऊस बारा महिने पुरवायचा. १८९१ च्या शिरगणतीत बडोदे शहराची वस्ती एक लाख सोळा हजारांच्या घरात होती आणि ती विहिरी-तळ्यांवर जगत होती. शहरापासून सुमारे वीस किलोमीटरवर मातीचा लांबलचक बांध घालून जगन्नाथ सदाशिवजी या देशी इंजिनियराने सयाजी सरोवर उभे केले. १८९२ मध्ये काम पुरे झाले. उताराच्या बळावर नळाने पाणी शहरात आले, आणि आजही शहराच्या काही भागाला ते पाणी मिळते. यात इटलीचे काही नाही. काठावर हॉटेलेही उभी राहिली नाहीत. आणि विश्वामित्रीतल्या मगरी पाहता बडोद्यात नौकाविहाराची हौस कोणी जपून करावी, हे वेगळे सांगायला नको.

मग महाराज युरोपात गेले कशासाठी? उत्तर साधे आहे: त्यांना झोप लागत नव्हती. निद्रानाश आणि मज्जातंतूंचा थकवा यांनी ते पंचविशीच्या आतच पोखरले गेले होते. बाराव्या वर्षापर्यंत अक्षरओळख नसलेला मुलगा सहा वर्षांत राज्य चालवण्याइतका तयार केला, त्या शिक्षणाचे सगळे कौतुक करतात. त्याची किंमत शरीराने दिली असावी असे एक मुख्याध्यापक म्हणून मला वाटते. डॉक्टरांनी थंड हवा सांगितली. बडोद्याचा वैशाख ज्याने अनुभवला आहे त्याला या सल्ल्याचे नवल वाटणार नाही.

पण समुद्र ओलांडणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. तीन वर्षांनी, १८९० मध्ये, पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून टिळक-रानड्यांसारख्यांवर ग्रामण्य आले. चहाची ही कथा, तर जहाजाची काय असेल! महाराज तरीही गेले, पुन्हा गेले, आणि १८८७ पासून पुढच्या पन्नास वर्षांत वीसाहून अधिक वेळा गेले.

या सुट्टीत ते करीत काय? मुख्यतः वाचीत. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई १८८९ मध्ये बडोद्यात नोकरीस लागले ते महाराजांचे वाचक म्हणून. पुढे ते त्यांच्याबरोबर युरोपातही गेले. महाराजांना वाचून दाखवायचे, तर आधी स्वतः वाचायचे, टिपणे काढायची. त्यातूनच सरदेशांना इतिहासाची गोडी लागली आणि १८९८ मध्ये ‘मुसलमानी रियासत’ आली. पुढच्या रियासतींची ती सुरुवात. त्याआधी महाराजांच्या सांगण्यावरून त्यांनी फ्लोरेन्सच्या मॅकिआव्हेलीचा ‘प्रिन्स’ मराठीत आणला. राजाने कसे वागावे हे इटलीतल्या एका बडतर्फ कारकुनाने लिहिलेले पुस्तक, बडोद्याच्या राजाने कोकणातल्या एका ब्राह्मण तरुणाकडून मराठीत करून घ्यावे, याहून इटलीशी जवळचा संबंध मला तरी दुसरा दिसत नाही. खुद्द महाराजांनी गिबनच्या रोमन साम्राज्याच्या इतिहासावर काढलेली टिपणे १८९६ मध्ये ‘फ्रॉम सीझर टू सुलतान’ या नावाने छापली गेली. सहलीहून परतताना आपण चॉकलेटे आणतो. प्रत्येकाची रीत.

दुसऱ्या महाराणी चिमणाबाई, माहेरच्या देवासच्या घाटगे, पहिल्या प्रवासापासून बरोबर होत्या. बडोद्यात पडदा होता, युरोपात नव्हता. एखाद्या बाईला उन्हाळ्याचे चार महिने मोकळ्या रस्त्यावरून चालायला मिळाले आणि मग पुन्हा चिकाच्या आड बसावे लागले, तर तिच्या मनात काय होत असेल? १९११ मध्ये त्यांनी मित्रा यांच्यासह हिंदी स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि १९२७ मध्ये पुण्यात भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाचे अध्यक्षस्थान भूषवले. महाराजांच्या प्रवासाचा जमाखर्च मांडणारे बहुधा हे कलम विसरतात.

जमाखर्च मांडायचा तर खर्चाची बाजूही लिहिली पाहिजे. संवत १९५६ चा दुष्काळ, ज्याला गुजरातेत अजून ‘छप्पनियो’ म्हणतात, १८९९-१९०० मध्ये पडला. बडोदे संस्थानची लोकसंख्या १८९१ मध्ये २४ लाख १५ हजार होती, ती १९०१ मध्ये १९ लाख ५३ हजार भरली. दुष्काळ आणि रोगराई मिळून दहा वर्षांत साडेचार लाखांवर माणूस कमी झाला. त्याच १९०० साली महाराज महाराणींच्या प्रकृतीसाठी युरोपात होते. आणि त्याच वर्षी लॉर्ड कर्झनने परिपत्रक काढले, की संस्थानिकांनी परवानगीवाचून परदेशी जाऊ नये. वारंवार बाहेर राहणे म्हणजे कर्तव्यात कसूर.

महाराजांना हा अपमान वाटला, आणि तो होताच. कर्झनला रयतेची कणव आली होती असे समजण्याचे कारण नाही. राजे आपल्या मुठीत राहावेत, लंडन-पॅरिसमध्ये त्यांनी बरोबरीने वावरू नये, हा खरा हेतू. १९०१ मध्ये महाराजांनी लंडनच्या ‘नाइंटीन्थ सेंच्युरी’ मासिकात आपल्या युरोपातल्या आणि हिंदुस्थानातल्या दिनक्रमावर लेख लिहून आपली बाजू मांडली. तरीही माझ्या मनात एक खळ राहतो. कर्झनचा प्रश्न कडी तालुक्यातल्या एखाद्या कुणब्याने विचारला असता, तर त्याला काय उत्तर दिले असते? “महाराज कुठे आहेत?” हा प्रश्न वाईट नव्हता. विचारणाऱ्याला तो विचारण्याचा अधिकार नव्हता, इतकेच. उत्तरायुष्यात तर महाराजांचे बडोद्यात राहणे फारच कमी झाले आणि कारभार दिवाणांच्या हाती गेला, ही गोष्ट त्यांच्या चाहत्यांनीही मान्य करावी.

परवानगीवरून आठवले. बेळगावात ज्या मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे, तिच्या जवानांना इटलीला जायला परवानगी मागावी लागली नाही. त्यांना हुकूम झाला. टायबरच्या खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी नाईक यशवंत घाडगे यांनी, आणि सेनियो नदीवर ९ एप्रिल १९४५ रोजी शिपाई नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. घाडगे तिथेच पडले. मराठी माणसाने मोठ्या संख्येने इटली पाहिली ती अशी, बंदूक हातात धरून. सरोवरांच्या काठी हवा खाणाऱ्यांची संख्या त्यामानाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

प्रवासातून राज्यात काय आले, याचा विचार करतानाही मी सनावळीलाच चिकटून राहतो. पहिला प्रवास १८८७. अमरेली महालात सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग १८९३. सर्व संस्थानात तो कायदा १९०६. इथे क्रम जुळतो. अमेरिका पाहून आल्यावर १९१० मध्ये बॉर्डन यांना बोलावून गावोगाव ग्रंथालये काढली, तिथेही जुळतो. चित्रसंग्रहालयाचेही तसेच. त्याची इमारत १९०८ मध्ये सुरू होऊन १९१४ मध्ये पुरी झाली. युरोपातली चित्रे निवडण्याचे काम लंडनचे कलासमीक्षक स्पिलमन यांच्याकडे होते. तेवढ्यात महायुद्ध पेटले आणि चित्रे तिकडेच अडकली. बडोद्यात भिंती तयार, खिळे तयार, आणि चित्रे समुद्रापार! १९२१ मध्ये ती आली आणि दालन उघडले.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेची सहल त्या संग्रहालयात नेली होती. युरोपच्या दालनात मी मुलांना थांबवून महाराजांविषयी चार शब्द सांगू लागलो. नववीतली दोन मुले चित्रापुढे उभी राहिली, तेवढीच. बाकीची सगळी खाली, देवमाशाचा सांगाडा आणि इजिप्तची ममी पाहायला केव्हाच पळाली होती.