जुहू विमानतळ

जुहू विमानतळ : मुंबईच्या साष्टी बेटावरील एक जुना विमानतळ. स्थापना १९२८. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपाल घेऊन निघालेले पस मॉथ हे एक इंजिनाचे विमान अहमदाबादमार्गे येथे उतरविले. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. टाटांच्या नियमित हवाई सेवेचा हा प्रारंभ होय. समुद्रालगतचे हे सखल, कच्चे मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जाई; त्यामुळे त्या काळापुरती सेवा पुण्यास, येरवड्याजवळील मैदानावर, हलवावी लागे. बारमाही वापराची ही उणीव व्यापारी वाहतुकीच्या वाढीस बाधक ठरली. दुसऱ्या महायुद्धकाळात सांताक्रूझचा विमानतळ उभा राहिला व १९४८ मध्ये व्यापारी सेवा तेथे गेली. पुढे मुंबई हायच्या तेलक्षेत्राकडील हेलिकॉप्टर वाहतुकीने जुहूस नवे महत्त्व लाभले.