ख्रिस्ती प्राथमिक शाळेतील धर्मशिक्षण : तास एक, वर्ग दोन

तासाची घंटा होते. इयत्ता तिसरीच्या वर्गातील काही मुले धर्मशिक्षणाची वही घेऊन शेजारच्या खोलीत जातात. उरलेली मुले मूल्यशिक्षणासाठी वर्गातच थांबतात. आपल्या कॅथोलिक शाळांतून अनेक वर्षे दिसत आलेले हे दृश्य इतके परिचयाचे आहे की, त्यामागील विचार आपण क्वचितच तपासून पाहतो. पालकसभेत मात्र दोन तक्रारी वारंवार ऐकू येतात. कॅथोलिक पालक म्हणतात, 'फादर, मुलगा कॅथोलिक शाळेत असूनही त्याला विश्वासांगीकार येत नाही.' अन्यधर्मीय पालक विचारतात, 'आमच्या मुलांना तुम्ही नेमके काय शिकवता?' या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे. त्या एका तासातील दोन वर्गांचे हेतू आपण स्पष्टपणे वेगळे ठेवलेले नाहीत.

१. धर्मशिक्षण आणि मूल्यशिक्षण

व्हॅटिकनच्या कॅथोलिक शिक्षणविषयक मंत्रालयाने ७ एप्रिल १९८८ रोजी कॅथोलिक शाळेतील शिक्षणाच्या धार्मिक पैलूवर एक दस्तऐवज प्रसिद्ध केला. त्यात शाळेत दिले जाणारे धर्मविषयक ज्ञान आणि श्रद्धेचे संगोपन करणारे धर्मशिक्षण यांचे नाते जवळचे असले तरी त्या दोन भिन्न गोष्टी आहेत, असे स्पष्ट केले आहे. ५ मे २००९ रोजी जगभरातील बिशप परिषदांच्या अध्यक्षांना पाठवलेल्या परिपत्रकातही हाच भेद अधोरेखित करण्यात आला.

धर्मशिक्षण हे श्रद्धावंतांसाठी असते. स्नानसंस्कार स्वीकारलेल्या बालकाची प्रभू येशूशी ओळख वाढावी, त्याने प्रार्थना करावी, संस्कारांची तयारी करावी आणि मंडळीच्या जीवनात सहभागी व्हावे, हा त्याचा उद्देश आहे. १९९२ साली प्रसृत झालेल्या कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथाचे चार भाग, म्हणजे श्रद्धा, संस्कार, ख्रिस्ती आचरण व प्रार्थना, हाच त्याचा आराखडा होय.

मूल्यशिक्षण मात्र सर्वांसाठी असते. सत्य, क्षमा, श्रमाचा आदर, दुर्बलांविषयी कळवळा यांची जाण प्रत्येक बालकाला यावी, एवढाच त्याचा हेतू. ते ख्रिस्ती शिक्षिका आपल्या श्रद्धेच्या प्रेरणेने शिकवीत असली तरी विद्यार्थ्याकडून श्रद्धेची अपेक्षा ठेवीत नाही.

हे दोन्ही एकत्र केल्यास दोन्हीकडे अन्याय होतो. कॅथोलिक बालकाला 'चांगले वागा' एवढाच उपदेश मिळतो आणि ख्रिस्त त्यातून निसटतो. अन्यधर्मीय बालकावर मात्र त्याने व त्याच्या पालकांनी न मागितलेली गोष्ट लादली जाते.

२. ख्रिस्तसभेची भूमिका

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयीचे घोषणापत्र प्रसिद्ध केले. आईवडील हेच मुलांचे पहिले व प्रमुख शिक्षक आहेत, हे त्यातील मध्यवर्ती सूत्र. त्याच वर्षी ७ डिसेंबर रोजी धर्मस्वातंत्र्याविषयीचे घोषणापत्र आले. श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही सक्ती करू नये, असे त्यात नि:संदिग्धपणे सांगितले आहे. ही दोन घोषणापत्रे शेजारी ठेवून वाचली, म्हणजे दोन वर्ग वेगळे का हवेत ते कळते. वेगळेपणा ही केवळ कायद्यासाठी केलेली तडजोड नसून ती ख्रिस्तसभेची स्वत:ची शिकवण आहे.

१९८३ च्या ख्रिस्तसभेच्या कायद्यातही याची व्यवस्था आहे. कॅनन ७७४ नुसार शब्दाने व उदाहरणाने मुलांना श्रद्धेत घडवण्याचे कर्तव्य सर्वप्रथम आईवडिलांचे आहे. धर्म शिकवणारे शिक्षक शुद्ध शिकवण, ख्रिस्ती जीवनाची साक्ष व अध्यापनकौशल्य या तिन्ही बाबतींत उत्तम असावेत, याची काळजी घेण्याचे काम कॅनन ८०४ ने धर्मप्रांताच्या प्रमुखांवर सोपवले आहे.

३. राज्यघटनेची चौकट

भारतीय राज्यघटनेचा अनुच्छेद ३० अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शैक्षणिक संस्था स्थापन करण्याचा व चालवण्याचा हक्क देतो. अनुच्छेद २८ धार्मिक शिक्षणाची मर्यादा ठरवतो. पूर्णत: शासकीय निधीतून चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. शासनमान्य किंवा अनुदानित संस्थेत ते देता येते. परंतु कोणत्याही विद्यार्थ्याला त्याच्या संमतीवाचून, आणि तो अज्ञान असल्यास पालकांच्या संमतीवाचून, धार्मिक शिक्षणास वा उपासनेस बसवता येत नाही. प्राथमिक शाळेतील सर्वच मुले अज्ञान असल्यामुळे येथे पालकांची संमती हीच निर्णायक ठरते.

सर्व धर्मांची माहिती देणे व एका धर्माचे शिक्षण देणे यांत फरक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली अरुणा रॉय खटल्याच्या निकालात मान्य केले. भारतीय कॅथोलिक बिशप परिषदेच्या शिक्षण विभागानेही एप्रिल २०२४ मध्ये कॅथोलिक शाळांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसृत केल्या. अन्यधर्मीय विद्यार्थ्यांवर ख्रिस्ती परंपरा लादू नयेत आणि परिपाठाच्या वेळी राज्यघटनेच्या उद्देशिकेचे वाचन व्हावे, असे त्यांत सुचवले आहे.

४. बालवय आणि अध्यापन

वयाची सात वर्षे पूर्ण झालेल्या बालकाला समज आली आहे, असे ख्रिस्तसभेचा कायदा गृहीत धरतो (कॅनन ९७). संत पायस दहावे यांनी ८ ऑगस्ट १९१० च्या आदेशाने मुलांना समजत्या वयातच ख्रिस्तशरीर स्वीकारण्याची मुभा दिली. तत्पूर्वी अनेक ठिकाणी त्यासाठी मुलांना बाराव्या-चौदाव्या वर्षापर्यंत थांबवून ठेवले जात असे. प्राथमिक शाळेतील धर्मशिक्षणाला आज जे महत्त्व आहे, ते बव्हंशी या एका निर्णयामुळे.

परंतु समज आली म्हणजे व्याख्या कळल्या, असे नव्हे. लहान मूल पाहून, हाताळून, ऐकून व गाऊन शिकते. रोममध्ये १९५४ साली सोफिया कावालेत्ती यांनी जान्ना गोब्बी यांच्यासह मारिया माँटेसरी यांच्या शिक्षणतत्त्वांवर आधारित पद्धती सुरू केली. उत्तम मेंढपाळाचा दाखला तिच्या केंद्रस्थानी आहे. मूल मेंढपाळाची व मेंढरांची लाकडी चित्रे स्वत: हलवते, शांत बसते, विचार करते. उत्तर सांगण्याची घाई शिक्षिका करीत नाही. आपल्या लहानशा वर्गातही एक मेणबत्ती, एक बायबल व दोन मिनिटांची शांतता एवढ्यावर हे करता येण्याजोगे आहे.

म्हणून पाठांतर टाकून द्यावे काय? नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९७९ च्या धर्मशिक्षणविषयक प्रबोधनपत्रात पाठांतराची आवर्जून बाजू घेतली आहे. प्रभूची प्रार्थना, नमो मारिया, दहा आज्ञा बालपणी पाठ झाल्या, तर त्या आजारात व संकटात ओठांवर येतात. फक्त पाठ झालेल्या शब्दाचा अर्थ हळूहळू उलगडत गेला पाहिजे.

येथे भाषेचा प्रश्न येतो. १५४२ साली गोव्यात उतरलेले संत फ्रान्सिस झेवियर हातात घंटा घेऊन रस्त्यांवरून मुलांना धर्मशिक्षणासाठी बोलावीत. पुढे तामीळ किनाऱ्यावर गेल्यावर त्यांनी स्थानिकांच्या साहाय्याने प्रार्थना तामीळमध्ये करवून घेतल्या. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली छापलेले 'ख्रिस्तपुराण' मराठीत रचले, तेही लोकांना आपल्या भाषेत ख्रिस्तकथा ऐकता यावी म्हणूनच. आज इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मूल इंग्रजीत प्रार्थना पाठ करते आणि संध्याकाळी आजी मराठीत रोजरी म्हणू लागली की गप्प बसते. शाळेतील प्रार्थना आणि घरातील प्रार्थना यांची अशी फारकत होऊ देऊ नये. मुलाला दोन्ही भाषांतील प्रार्थना शिकवाव्यात.

५. शिक्षक कोण?

धर्मशिक्षणाच्या तासाचे खरे दुखणे वेळापत्रकात दिसते. ज्या शिक्षिकेचा तास रिकामा, तिच्याकडे तो सोपवला जातो. परीक्षा वा स्नेहसंमेलन जवळ आले की पहिला बळी त्याच तासाचा जातो. गणिताच्या शिक्षकाने तयारीवाचून वर्गावर गेलेले आपण चालवून घेत नाही. येथे मात्र घेतो. मुलांना हे न सांगता कळते, आणि 'हा विषय महत्त्वाचा नाही' हाच धडा ती सर्वांत आधी शिकतात.

पोप फ्रान्सिस यांनी १० मे २०२१ रोजी प्रापंचिकांसाठी धर्मशिक्षकाचे सेवापद अधिकृतपणे स्थापन केले. त्यातून या कार्याची प्रतिष्ठा लक्षात यावी. धर्मशिक्षिकेला प्रशिक्षण, योग्य साहित्य व मुख्याध्यापकांचा पाठिंबा हवा. आठवड्यातील तो तास अन्य कशासाठीही घेतला जाऊ नये.

६. घर आणि धर्मग्राम

आठवड्यातून एक तास धरला, तरी सुट्ट्या वगळता वर्षाकाठी तीस-पस्तीस तासांहून अधिक वेळ हाती येत नाही. तेवढ्यात श्रद्धा रुजवण्याची अपेक्षा शाळेकडून करणे न्याय्य नव्हे. शिवाय आज अनेक कॅथोलिक मुले अन्य संस्थांच्या शाळांत शिकतात. त्यांच्यासाठी धर्मग्रामातील रविवारचा धर्मशिक्षण वर्ग हाच आधार आहे. तो वर्ग केवळ प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकाराचे प्रमाणपत्र मिळवण्यापुरता उरू नये. संस्कार झाल्यानंतरच्या रविवारी ती मुले मिस्साला येतात की नाहीत, ही त्या वर्गाची खरी परीक्षा. तिचा निकाल बव्हंशी घरी लागतो. आईवडील मिस्साला येत असतील, तर मूल येते.

समारोप

लेकरांना जवळ येऊ द्यायला शिष्य तयार नव्हते, तेव्हा प्रभू येशू त्यांच्यावर रागावला (मार्क १०:१३-१६). त्याने मुलांना कवेत घेतले, आशीर्वाद दिला. त्यांची परीक्षा घेतली नाही. आपल्या शाळेतील दोन्ही वर्गांना हा प्रसंग लागू पडतो. कॅथोलिक बालकाला प्रभूपर्यंत जाण्याची वाट मोकळी मिळावी आणि अन्यधर्मीय बालकाला त्याच प्रेमाने, कोणतीही अट न घालता, वागवले जावे. नवीन शैक्षणिक वर्षाचे वेळापत्रक आखताना मुख्याध्यापकांनी, धर्मगुरूंनी व पालकांनी एकत्र बसून या एका तासाचा विचार करावा, ही नम्र विनंती.