‘कापुट’ शब्दाची कुळकथा

जर्मन भाषेंत ‘कापुट’ असें एक विशेषण आहे. घड्याळ बंद पडलें, जोडा फाटला, किंवा दिवसभराच्या श्रमानें मनुष्य गळून गेला, म्हणजे जर्मन माणसाच्या तोंडीं हाच शब्द येतो. मोडलेलें, निकामी, संपलेलें हे त्याचे अर्थ होत. इंग्रजी, रशियन, पोलिश इत्यादि अनेक भाषांनीं तो जर्मनांपासून उचलला आहे. कानाला तो अस्सल जर्मन वाटतो. परंतु त्याचें कूळ शोधूं गेल्यास तो जर्मनांच्या घरचा नव्हे, असें आढळून येतें.

लॅटिन भाषेंत ‘कापुट’ म्हणजे डोकें. डोकें उडालें कीं मनुष्य संपला. तेव्हां हेंच मूळ असावें, अशी व्युत्पत्ति सहज सुचते. ती मनोहर आहे, पण खरी नाहीं. शब्दाचें मूळ रणांगणावर नसून पत्त्यांच्या डावांत आहे.

‘पिके’ नांवाचा जुना फ्रेंच खेळ दोघे जण ३२ पानांनीं खेळतात. प्रत्येकास १२ पानें मिळतात, म्हणून हातही १२ होतात. निम्म्याहून अधिक हात करणारास १० गुण मिळतात. पण बाराही हात एकानेंच केले तर त्यास ४० गुण मिळतात, आणि ज्याला एकही हात करतां आला नाहीं तो ‘कापो’ झाला असें म्हणतात. आपल्याकडे मेंढीकोट खेळणारास ‘कोट’ झाल्यावर जी मान खालीं घालावी लागते, त्याच जातीची ही नामुष्की. फ्रेंच लेखनांत या शब्दाच्या शेवटीं ट आहे, आजच्या उच्चारांत तो मुका असतो. जर्मनांनीं मात्र तो उच्चारांतही राखला.

जर्मन भाषेंत हा शब्द रुजला तो सतराव्या शतकांत, तीस वर्षांच्या युद्धाच्या काळांत. इ. स. १६१८ पासून १६४८ पर्यंत परकीं सैन्यें जर्मन भूमि तुडवीत होतीं. खेळांतील हार दाखविणारा शब्द शिपायांच्या तोंडीं खऱ्या नाशासाठीं आला. ‘कापुट करणें’ म्हणजे ठार मारणें, धुळीस मिळविणें, असा अर्थ झाला. पुढें शांततेच्या दिवसांत ही धार बोथट झाली, आणि मोडक्या खुर्चीपासून फाटक्या मोज्यापर्यंत सर्वांस तो लागूं पडला. प्रथम तो ‘होणें’, ‘करणें’ अशा क्रियापदांच्या जोडीनेंच येई; कालांतरानें इतर विशेषणांप्रमाणें नामापूर्वीं येऊन प्रत्ययही घेऊं लागला.

इंग्रजींत त्याची नोंद १८९५ पासून सांपडते, आणि १९१४ ते १९१८ च्या महायुद्धानंतर तो सर्वतोमुखी झाला. दुसऱ्या महायुद्धांत तर शरण येणारे जर्मन शिपाई हात वर करून ‘हिटलर कापुट’ म्हणत, आणि तेच दोन शब्द रशियन लोकांत विजयाची घोषणा होऊन बसले. इटालियन लेखक कुर्त्सिओ मालापार्ते यानें युरोपच्या त्या विध्वंसाचें चित्र रंगविणाऱ्या आपल्या १९४४ सालच्या ग्रंथास हेंच नांव दिलें. ग्रंथाच्या आरंभीं शब्दाचा संबंध बळी या अर्थाच्या हिब्रू शब्दाशीं जोडला आहे. व्युत्पत्ति म्हणून ती टिकत नाहीं. पण जें पाहिलें त्याला पत्त्यांचा डाव हें मूळ त्यास फार क्षुद्र वाटलें असेल, तर त्यांत नवल नाहीं.

तथापि क्षुद्र मूळ हें शब्दाला लांछन नव्हे. फारसींतून मराठींत आलेले ‘शह’ आणि ‘मात’ हे शब्दही बुद्धिबळाच्या पटावरचेच. पण ते राजकारणांत आणि संसारांत वापरतांना कोणास पटाची आठवण होत नाहीं. शब्दाचा जन्म कोठें झाला, हें कोश सांगतो. त्याचा अर्थ मात्र ज्यांना तो उच्चारण्याची वेळ आली त्या माणसांच्या अनुभवानें भरत जातो. ‘कापुट’ या शब्दांत पत्त्यांच्या डावाहून कितीतरी अधिक सांठलें आहे, तें याच कारणानें.