दादी-युर्त : एका गावाची उलटी गणती

कॉकेशसच्या उत्तरेला, तेरेक नदीच्या उजव्या काठावर दादी-युर्त नावाचं चेचेन गाव होतं. दोनशे उंबऱ्यांचं. सप्टेंबर 1819 च्या मध्यावर ते एका दिवसात नाहीसं झालं. त्या दिवसाचं लिखित वर्णन आलंय ते गाव नाहीसं करणाऱ्यांकडून. हुकूम देणाऱ्या जनरल येर्मोलोवने आपल्या आठवणींत ते स्वतः लिहून ठेवलंय. चेचेन बाजूला उरलं ते तोंडोतोंडी आलेलं. म्हणून हा घटनाक्रम घड्याळाच्या काट्यावर चालत नाही, दिवसाच्या प्रहरांवर चालतो. त्याची सुरुवातही त्या पहाटेच्या बरीच आधी होते.

पंधरा महिने आधी

अलेक्सेई येर्मोलोव हा नेपोलियनविरुद्धच्या युद्धात नाव कमावलेला सेनानी. 1816 मध्ये झार पहिल्या अलेक्झांडरने त्याला कॉकेशसचा सरसेनापती केलं. जून 1818 मध्ये त्याने सुंझा नदीवर ग्रोझ्नाया किल्ल्याचा पाया घातला. आजचं ग्रोझ्नी शहर ते हेच.

या किल्ल्याचा अर्थ नकाशावर बघितला की लगेच कळतो. तेरेक आणि सुंझा या दोन नद्यांच्या मधला पट्टा म्हणजे चेचेन लोकांची पिकाऊ जमीन आणि चराईची कुरणं. डोंगरातल्या गावांचंही पोट या सपाटीवर अवलंबून. किल्ल्यांची साखळी सुंझेवर सरकवली की हा पट्टा रशियाच्या मुठीत येतो आणि डोंगर उपाशी पडतो. येर्मोलोवचा डाव लढाईपेक्षा उपासमारीचा होता, आणि ते त्याने कधी लपवलं नाही.

तेरेककाठच्या गावांच्या म्होरक्यांना बोलावून त्याने अटी घातल्या. नदीपलीकडच्या कोसॅकांच्या, म्हणजे रशियाच्या सरहद्दी सैनिकांच्या, वस्त्यांवर छापे पडले, घोडे चोरीला गेले, तर वाट देणारं गाव जबाबदार. ओलीस ठेवलेल्या माणसांचा जीव जाईल, गावाची जमीन जाईल. पाठीशी लुटारू सहन करण्यापेक्षा तेरेकपासून सुंझेपर्यंत ओसाड माळ केलेला बरा, अशा अर्थाचं तो स्पष्टच बोलला होता.

छापे पडत होते, हे खरं आहे. घोडे, गुरं पळवली जात, खंडणीसाठी माणसं उचलली जात. पण चोराला शिक्षा करणं वेगळं आणि चोर ज्या वाटेने गेला त्या वाटेवरचं गाव उठवणं वेगळं. येर्मोलोवने हा फरक जाणूनबुजून पुसून टाकला.

काही दिवस आधी

येर्मोलोवचा हुकूम सुटला. डॉन कोसॅकांचा सेनानी जनरल सिसोयेव याने कबार्दिन्स्की पायदळाच्या तुकड्या घ्यायच्या, घाईने गोळा करता येतील तेवढे कोसॅक सोबत घ्यायचे आणि दादी-युर्तला वेढा घालायचा. रहिवाशांना गाव सोडून जायला सांगायचं. ऐकलं नाही तर शस्त्राने शिक्षा, आणि कुणालाही दया दाखवायची नाही.

या शेवटच्या वाक्यापाशी थांबायला हवं. गावात म्हातारेकोतारे होते, बाळंतिणी होत्या, रांगती मुलं होती. हुकुमात त्यांच्यासाठी वेगळी ओळ नव्हती. पुढे जे झालं ते लढाईच्या भरात हाताबाहेर गेलं, असं म्हणायची सोय त्यामुळे राहत नाही.

तांबडं फुटताना

गाव घेरलं गेलं. तोफा लागल्या. सिसोयेवचा निरोप आत गेला: उठा आणि निघून जा.

जायचं कुठे? सुंझेपलीकडे, डोंगराकडे. घरं, शेतं, साठवलेलं धान्य इथेच टाकून, दोन महिन्यांवर आलेला हिवाळा डोक्यावर घेऊन, पोराबाळांसकट दुसऱ्याच्या दारात. आणि हे ठरवायचं ते तोफांच्या तोंडासमोर. ज्याने हा प्रस्ताव पाठवला त्यालाही उत्तर ठाऊक असणार.

गावाने नाही म्हटलं.

सकाळ

तोफांचा मारा सुरू झाला आणि पायदळ पुढे सरकलं. इथे सैन्याचा अंदाज चुकला. दादी-युर्तचं जवळजवळ प्रत्येक आवार उंच कुंपणाने बंद होतं, त्यामुळे गाव एका हल्ल्यात पडेना. दोनशे घरं म्हणजे एकाशेजारी एक उभ्या असलेल्या गढ्या झाल्या.

एक आवार घ्यायचं तर तोफ कुंपणाच्या अगदी जवळ आणावी लागे, तीही वरून गोळ्या येत असताना, हातांनी ओढत. जवळून बार काढून भगदाड पाडायचं, मग संगिनी रोखून आत घुसायचं. आत अंधार, धूर, आणि हातात खंजीर घेतलेली माणसं. तिथे बंदूक भरायला उसंत नसे, गाठ अंगावरच पडे. ते घर निपचित पडलं की तीच तोफ पुन्हा ओढत पुढच्या कुंपणापाशी न्यायची आणि सगळं पहिल्यापासून.

दुपार

दिवसाचा मोठा भाग असाच गेला. येर्मोलोव लिहितो, सैनिक घरात शिरताना अनेक पुरुषांनी आपल्या बायकांना सैनिकांच्या डोळ्यांदेखत मारलं, शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून. अनेक बायका स्वतः खंजीर घेऊन सैनिकांवर धावून गेल्या. घरांना आगी लागल्या होत्या.

बायकांना मारणाऱ्या पुरुषांच्या या निवडीला शौर्य म्हणून मी मिरवणार नाही. त्या बायकांना कुणी विचारलं होतं का, हे त्या वर्णनात कुठेच नाही. पण त्या दाराशी ती वेळ कुणी आणली, हे विसरून त्या पुरुषांचा न्यायही करता येत नाही.

दिवस कलताना

हिशेब येर्मोलोवचाच. त्याच्या बाजूला मृत आणि जखमी मिळून दोनशेपर्यंत. तोवरच्या कुठल्याही चकमकीत एवढी हानी झाली नव्हती, हेही त्यानेच नोंदवलं. गावातले हत्यारबंद पुरुष सगळे ठार, सुमारे चारशे. बायका आणि मुलं मिळून 140 पर्यंत कैद. याहून किती तरी जास्त बायकामुलं कापली गेली, किंवा तोफांनी आणि आगीने घरातच मेली. त्यांचा आकडा त्याने दिलेला नाही. पुरुष शत्रू होते म्हणून मोजले गेले. कैदी ताब्यात होते म्हणून मोजले गेले. बाकीच्यांसाठी त्या कागदावर रकानाच नव्हता. सैनिकांना लूट मात्र बरी मिळाली, एवढी नोंद आहे.

चेचेन आठवणीत याच वेळेची एक हकिगत आहे. कैद केलेल्या मुलींना तेरेकपार नेलं जात होतं. मध्यधारेत 46 जणींनी पहारेकऱ्यांना मिठी मारून, त्यांच्यासकट नदीत उड्या घेतल्या. रशियन बाजूच्या हिशेबात ही गोष्ट नाही. चेचेन घरांत ती दोनशे वर्षं सांगितली जातेय.

त्या दिवसानंतर

गावाच्या ढिगाऱ्यातून तीनेक वर्षांचा एक मुलगा जिवंत निघाला. तो एका कोसॅकाकडे वाढला, मग येर्मोलोवच्या चुलतभावाच्या घरी. प्योत्र झाखारोव या नावाने तो सेंट पीटर्सबर्गच्या कला अकादमीत शिकला. 1843 मध्ये त्याला अकादमीशियन ही पदवी मिळाली ती एका व्यक्तिचित्रासाठी. चित्र जनरल येर्मोलोवचं होतं. झाखारोव आपल्या नावापुढे ‘चेचेन’ लावत असे. 1846 मध्ये तो वारला.

गाव जाळलं की बाकीची गावं धाकाने शांत होतील, हा येर्मोलोवचा ठोकताळा. 1825 मध्ये चेचन्या पेटला आणि लिसानेविच व ग्रेकोव हे त्याचे दोन जनरल त्यात मारले गेले. 1827 मध्ये येर्मोलोवला परत बोलावलं गेलं. युद्ध मात्र रशियाविरुद्ध लढणाऱ्या इमाम शामिलने 1859 मध्ये गुनीबला शस्त्र खाली ठेवेपर्यंत चाललं.

1944 मध्ये स्टालिनने सगळ्या चेचेन लोकांना मध्य आशियात हद्दपार केलं. ते तिकडे असतानाच, 1949 मध्ये, ग्रोझ्नीत येर्मोलोवचा अर्धपुतळा बसवण्यात आला. लोक परतल्यावर तो पुन्हा पुन्हा उडवला गेला आणि सोव्हिएत काळाच्या अखेरीस कायमचा हटवला गेला. 2013 मध्ये चेचन्यात दादी-युर्तच्या मुलींचं स्मारक उभं राहिलं, आणि सप्टेंबरमधला तिसरा रविवार तिथे चेचेन स्त्रियांचा दिवस म्हणून पाळतात. त्याच देशात, रशियात, तिथून काही तासांच्या अंतरावर प्यातिगोर्स्क आहे. तिथे 2010 मध्ये येर्मोलोवचा घोड्यावर बसलेला नवा पुतळा उभारला गेला.